बकुळीच्या खोडाचा आवाज

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आमच्या अंगणातली बकूळ पिवळी पडली. बारा महिने हिरवे राहणारे झाड. आई लग्न होऊन वर्ध्याहून आली, त्या वर्षी तिनेच लावलेले. बहरात त्याची ओंजळभर फुले वेचल्याशिवाय तिचा दिवस उजाडत नसे. त्या महिन्यात पूर्वेकडच्या फांद्या उघड्या झाल्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर कित्येक वर्षांनी सकाळचे ऊन थेट उतरले. आईने खिडकीला जुनी साडी बांधली. तो उजेड तिला बघवेना.

धाकटा भाऊ विक्रम म्हणाला, वाळवी. औषध ओतले, फरक पडला नाही.

"पापा, कटवा देते हैं. बारिश में छत पे गिरेगा."

झाड तोडणाऱ्याला रविवारची वेळ दिली गेली.

शनिवारी दुपारी बाबा कपडे धुण्याची लाकडी मोगरी घेऊन अंगणात उतरले. उभ्या मालगाडीच्या कडेने चालत, एकेक चाक हातोडीने ठोकत, लोखंडातली न दिसणारी चीर कानाने पकडायची, ही त्यांची रेल्वेतली सारी नोकरी. निवृत्तीनंतरही त्यांची मान एका खांद्याकडे कललेलीच राहिली, जणू दूरचा कुठलासा डबा अजून ऐकायचा आहे. डोळे मिटून ते खोडाला हलके टोले देऊ लागले.

"काहून ठोकून राहिले?" आई दारातून म्हणाली. "झाड हाय थे, मालगाडी नाही."

"गप राय. आयकू दे."

वरचा आवाज भरीव होता. खाली खाली येत तो बसला. बुंध्याशी ओल्या पोत्यावर मारल्यासारखा झाला. बाबांनी डोळे उघडले. समोर सिमेंटचा गोल चौथरा होता. माझ्या लग्नात त्यांनीच बांधलेला, फुले वेचून आईला टेकता यावे म्हणून. खोडाला हातभर माती चढवून वर फरशी बसवली होती. तीन पावसाळ्यांची ओल आत तशीच कोंडली होती.

"विकी, उद्या येऊ नको म्हण त्याले. बिमारी मीच बांधली हाय."

"माह्यासाठीच बांधली ना जी," आई म्हणाली.

"हव."

चौथरा त्यांनी स्वतः फोडला. विक्रमने घमेल्याने मलबा बाहेर टाकला. शेवटची माती बाबांनी बोटांनी काढली, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचे पांघरूण काढावे तशी. खालची साल काळी, मऊ झाली होती. कुजलेला भाग सुरीने खरवडत ते कडक लाकडापर्यंत गेले आणि बुंधा वाऱ्याला उघडा ठेवला. घराकडच्या दोन जड फांद्या उतरवल्या. उन्हाळाभर पाणी खोडाला नव्हे, फांद्यांच्या टोकांखालच्या जमिनीला दिले. पावसाळ्यात साचणारे पाणी चर खणून गटाराकडे काढले. दर रविवारी मोगरी, मिटलेले डोळे, कललेली मान.

"काय म्हनते तुमची गाडी?" आई विचारी.

"उभी हाय."

दिवाळीच्या सुमारास तांबूस पालवी आली. त्या रविवारी बाबांनी बुंध्याशी टोला दिला, पुन्हा दिला, आणि मोगरी आईच्या हातात ठेवली.

"सुटली," ते म्हणाले.

यंदा एप्रिलमध्ये फुले पडली. पहिल्या सकाळी आईने अकरा वेचली. मग तिने खिडकीवरची साडी सोडली. सात वाजता ओट्यावर सावली होती.