विश्रांतवाडीतला एकटा ओक

मी एक ठेंगणा ओक. अख्ख्या विश्रांतवाडीत माझ्या जातीचा मी एकटाच, त्यामुळे माझं बोलणं खोडून काढायला इथे कोणी नाही.

आमचं मूळ घर अमेरिकेतल्या उंच डोंगरांवर, पाइनच्या जंगलात, खडकांच्या फटींत. हिवाळाभर अंगावर बर्फ, उन्हाळाभर पाण्याचा थेंब नाही. तरी पानं बारा महिने हिरवी. माणसाच्या कमरेच्या वर आम्ही सहसा जात नाही, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नाही.

कंपनीने तिकडे पाठवलेला अभय एकदा फिरायला आला आणि बोराएवढं बी उचलून जॅकेटच्या खिशात टाकून विसरला. ते बी म्हणजे मी. २००१च्या डिसेंबरात तो सुट्टीवर पुण्याला आला, तेव्हा जॅकेट धुवायला काढताना मी त्याच्या आईला, शालनताईंना, सापडलो. अभयने मला गॅलरीतल्या कुंडीत पेरलं. "आई, मी कायमचा परत येईपर्यंत एवढं सांभाळ हं," असं तो थट्टेत म्हणाला. शालनताईंनी ते मनावर घेतलं.

रोज सकाळी बुद्धवंदना आटोपली की त्या मला तांब्याभर पाणी घालायच्या. उन्हाळ्यात दोन तांबे. पोराचं झाड तहानलेलं राहू नये, एवढंच त्यांच्या मनात. त्या पाण्याने माझी मुळं कुजायला लागली. पाचव्या वर्षी पानं पिवळी पडली, तेव्हा शेजारच्या सुहासिनीबाई म्हणाल्या, "पाणी कमी पडतंय हो त्याला." तांबे तीन झाले.

"अगं, झाड आहे की म्हैस?" शालनताईंचे यजमान तात्याराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"अहो, अभयचं आहे ते. वाळलं तर त्याला काय सांगू?"

परवा रविवारी अभयचा फोन आला. तात्यारावांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर चालू होता. मलाही सगळं कळलं. त्याने तिकडेच घर घेतलंय. आता परत येणं जमायचं नाही. शालनताईंनी गॅलरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझं झाड छान आहे हं."

माझी तेव्हा चार पानं उरली होती.

"कुठलं झाड, आई?"

मी दुष्ट नाही, पण मला आनंद झाला. वाटलं, आता या मला विसरतील, कुंडी कोरडी पडेल, आणि कदाचित मी वाचेन.

आज सकाळी त्या आल्या. डोळे सुजलेले, हातात भरलेला तांब्या. माझ्या बुंध्याशी पाणी ओतत म्हणाल्या, "तू तरी जाऊ नकोस रे."

मला जायचं नाही हो, शालनताई. पण तो तांब्या खाली ठेवा.