बांधावर विसरलेल्या पादुका

मित्रांनो, चपला-बूट घराबाहेर राहतात, पण मला लोक डोक्यावर घेतात! मी रामाच्या पादुकांची जुनी जोडी आहे. तुमसर तालुक्यातल्या सिहोऱ्याच्या रामलीला मंडळात माझं आयुष्य गेलं.

आपला भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच वर्षी मनिराम सुतारानं मला शिवणीच्या झाडाच्या लाकडातून घडवलं. शिवणीचं लाकूड वजनाला हलकं. मनिराम म्हणाला होता, "भरताच्या डोक्शावर बसाचं हाय हिले. त्याची मान दुखाले नोको."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारचौकात भरतभेट व्हायची. राम व्हायचा परसराम आणि भरत व्हायचा त्याचा धाकटा भाऊ कवडू. दोघांचा बाप एक, आई वेगळी. परसरामची आई तो रांगत असतानाच गेली. मग घरात आली गोदावरीबाई, कवडूची आई. पण भावाभावांत सावत्रपणाचा वारा नव्हता. परसराम पायातून मला काढून द्यायचा, कवडू मला डोक्यावर घ्यायचा, आणि त्याचे डोळे खरोखर भरून यायचे. समोर बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी तर अभिमानानं फुगून जायची!

अशी सहा वर्षं गेली. सातव्या उन्हाळ्यात त्यांचे वडील वारले. कवडू तेव्हा नागपूरला मिस्त्रीकाम करत होता. तेरवी आटोपून तो कामावर परतला आणि इकडे गोदावरीबाईनं परसरामला सांगितलं, "बोडीखालची बांधी माह्या कवडूच्या नावानं पायजे." बोडी म्हणजे शेताजवळचं लहान तळं. घरातली सगळ्यांत चांगली धानाची जमीन होती ती. परसरामनं मान हलवली, बायकोला, कुंताबाईला, सोबत घेतलं आणि तिच्या माहेरी अड्याळला निघून गेला. कवडूला कुणी काही कळवलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी कवडू गावी आला तो थेट मंडळात. मंडळी तोंड पाडून बसलेली. "राम कोन करन रे आता?" एक जण म्हणाला. "तुहा दादा तं गाव सोडून गेला." मग सगळी हकिगत बाहेर आली. कवडूचं तोंड पांढरंफटक पडलं. तो घरी गेला नाही, पाणी प्यायला नाही. पेटी उघडून त्यानं मला बाहेर काढलं, दुपट्ट्यात गुंडाळलं आणि एस.टी.च्या थांब्याकडे पळत सुटला.

मित्रांनो, काय सांगू! सात वर्षांत मी चौकाबाहेर पडले नव्हते. आणि आता खराखुरा भरत खऱ्याखुऱ्या रामाला शोधायला निघाला होता!

गाडी सुटणार तोच गोदावरीबाई धापा टाकत आली. तिला कुणीतरी सांगितलं असावं. तिनं दांडा धरला आणि वर चढली. "मी बी येते," एवढंच बोलली. कवडूनं मान खिडकीकडे फिरवली. तुमसर गेलं, भंडाऱ्याला गाडी बदलली, तरी त्याची मान खिडकीकडेच होती. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय जी दुपट्ट्यात?"

"रामाच्या पादुका."

त्यानं तिकीट फाडता फाडता मला हात लावून नमस्कार केला.

अड्याळला परसराम सासऱ्याच्या शेतात हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान कापत होता. कवडू बांधावरून धावत गेला. परसरामनं वर पाहिलं. हातातला विळा तसाच राहिला.

"काहून गेलास दादा? मले एक सबद तं सांगाचा होता!"

"तुले काय सांगू? तुह्यासाठीच तं गेलो." परसराम म्हणाला. "भरतभेटीले दुसरा राम पाहून घ्या. मी नाई येत."

मग त्याला दुपट्टा दिसला. त्यानं मला सोडवलं, चिखलाचे पाय क्षणभर माझ्यावर ठेवले आणि मला कवडूच्या हातात दिलं. "घे. चौकात ह्याच ठेव. माह्या जागी ह्या चालतील."

माझं काळीज धडधडू लागलं. हाच तर माझा प्रसंग! आता कवडू मला डोक्यावर घेणार, रडत रडत माघारी फिरणार...

कवडूनं मला बांधावर चिखलात ठेवून दिलं.

"तो भरत मोठा होता दादा, मी नाई. मले लाकूड नाई पायजे. मले तू पायजे. तू नाई आला तं मी बी इथंच धान कापतो. दे विळा!"

"आन माय?" परसरामनं हळूच विचारलं.

गोदावरीबाई बांधाच्या टोकाला उभी होती. ती लुगडं सावरत चिखलात उतरली, परसरामसमोर आली आणि म्हणाली, "परसा, रामायणातल्या त्या मायनं दोन वर मागतले होते. मी उन्हाळ्यात एक मागतला, चुकली मी. दुसरा आता मागते. घरी चाल."

परसरामनं तिच्याकडे पाहिलं. खाली वाकून तो तिच्या पायांना हात लावू लागला, तसा तिनं त्याला छातीशी ओढला आणि कवडूनं त्या दोघांना मिठी मारली. धाकट्याच्या हुंदक्यांनी तिघेही हलत होते. दोन सावल्यांची एकच सावली झालेली मी चौकात दरवर्षी पाहिली होती. इथं तीन होत्या!

"अजी, गाडी चुकन ना!" घराच्या अंगणातून कुंताबाई ओरडली. मग काय पळापळ! कुणी गाठोडं घेतलं, कुणी गोदावरीबाईचा हात धरला, आणि सगळे सडकेकडे धावले. मी? मी बांधावरच! माझी आठवणच कुणाला राहिली नाही. शेवटी कुंताबाईच मागे फिरली आणि मला पदरात घालून धावली. खरं सांगते, विसरले जाण्याचा इतका आनंद मला कधीच झाला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकात राम आणि भरत भेटले, तेव्हा मिठी सुटेचना. हार्मोनियमवाल्यानं तीच चाल चार वेळा वाजवली. बोडीखालची बांधी पुढं दोघं भाऊ मिळून कसू लागले, आणि परसरामच्या ताटात पहिली भाकर गोदावरीबाईच वाढू लागली.

आता मंडळानं फायबरच्या नव्या पादुका आणल्या आहेत, चकचकीत. मी पेटीत पडून असते. अंगठ्यात धरायच्या एका खुंटीला चीर गेली आहे, एका कडेला वाळवीही लागली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा, तेलाचा हात फिरवा, एवढीच माझी विनंती आहे. पण तुमचा भाऊ किंवा बहीण रुसून दूर गेली असेल, तर त्यांची वस्तू जपत घरी बसू नका. आम्ही लाकडाच्या, आम्हाला वाट पाहता येते. तुम्ही आजच्याच गाडीनं निघा.