आठ जणींचा बंब

मी बंब बोलतोय. हो, तोच, आंघोळीचं पाणी तापवणारा, पोटात जाळ आणि डोक्यावर झाकण. नाकं मुरडू नका. मला बटण नाही, म्हणून मी काही टाकाऊ ठरत नाही.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. पहिल्या मालकांच्या घरी माझा थाट काय वर्णावा! मग त्यांच्याकडे गिझर आला आणि मी भंगारात गेलो. तिथे धूळ खात पडलो असताना एका बाईंनी माझ्या पोटावर टकटक केलं आणि विचारलं, "गळत नाही ना? मग चल बाबा."

त्या म्हणजे ताई. डोंगरावरच्या एका निवासी शाळेत त्या मुलींच्या घराची देखरेख करतात. शहरातली मुलं इथे एक वर्ष राहतात. डोंगर चढतात, तंबूत झोपतात, आपली कामं आपण करतात. इथे मुलांच्या हातात फोन नाही आणि घरात गिझर नाही. गरम पाणी हवं असेल, तर लाकूड फोडा आणि बंब पेटवा. माझ्या वाट्याला आठ जणींचं घर आलं. दरवर्षी आठ नव्या.

इथे एक रीत आहे. ओलं लाकूड वाळायला महिने लागतात, म्हणून जाणाऱ्या मुलींनी पुढच्यांसाठी वाळलेल्या सरपणाची रास रचून जायची. ज्यांचं तोंडही पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी.

आत्ताच गेल्या त्या आठ जणींनी, आल्या आल्या, ती रास आठवडाभरात फस्त केली. सकाळी आंघोळ, संध्याकाळी आंघोळ, शिवाय केस धुवायचे म्हणून आणखी एकदा! ताई म्हणाल्या, "जपून गं पोरींनो." पण ऐकतंय कोण? मग पाळी आली ओल्या लाकडांवर. नुसता धूर आणि खोकला, पाणी मात्र गारच्या गार. वर मलाच बोल लावले, "हा बंबच खराब आहे!" घ्या! माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू. पाणी तेवढं तापेना.

त्यांच्यात एक होती नकोबाई. हे नाव मैत्रिणींनीच ठेवलेलं, कारण तिचं प्रत्येक गोष्टीला "नको". चढण नको, तंबू नको, भांडी घासणं तर नकोच नको. सगळ्यांसमोर नाक वर, पण एकटी असली की माझ्याजवळ येऊन रडायची. "मला घरी जायचंय," एवढंच म्हणायची. मी काय बोलणार? आपली ऊब देत राहायचो. तिथे बसल्या बसल्या ती ओल्या ढलप्या माझ्या अंगाशी लावून वाळवायला शिकली. मला ती पोर फार आवडायची, उगाच कशाला लपवू?

शेवटी तिने घरी जायचंच ठरवलं. वडील न्यायला येणार होते. बाकीच्या सात जणींना घेऊन ताई डोंगरावर निघाल्या. जाताना तिला म्हणाल्या, "जायचं तर खुशाल जा. पण आज बंबाची पाळी तुझी आहे. पाणी तापवून जा."

वडील आले तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि ती माझ्यासमोर उकिडवी बसली होती.

"अगं चल, अंधाराच्या आत खाली उतरायचंय. सरक, मी पेटवतो," ते म्हणाले आणि भला मोठा ओंडका त्यांनी माझ्या पोटात कोंबला. फूऽ फूऽ करून तोंड काळं करून घेतलं.

"पप्पा, असं नाही हो! आधी ढलप्या, मग काटक्या, ओंडका सगळ्यात शेवटी. आणि सारखं फुंकू नका, त्याला जरा श्वास घेऊ द्या."

वडील बघतच राहिले. घरी चहाचा कपसुद्धा न उचलणारी ही त्यांची लेक! लाकडांनी पेट घेतला. मी गुणगुणायला लागलो.

थोड्या वेळाने सात जणी ओल्याचिंब होऊन आल्या. सगळ्यांना कामं वाटून देणारी त्यांची फौजदार पुढे होती.

"नकोबाई, तू गेली नाहीस?"

"निघालेच होते. पाणी तापलंय. आधी तू जा, ओठ बघ कसे निळे पडलेत."

मग काय विचारता! एकीमागून एक आंघोळी, वाफ, गाणी, आरडाओरडा. नकोबाई जाळ सारत होती आणि वडील पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्या आटोपल्यावर ती त्यांच्याजवळ गेली.

"पप्पा, रागावू नका हं. उद्याची पाळी फौजदारची आहे, आणि तिला अजून बंब पेटवता येत नाही."

वडील हसले, डोळे पुसले, धुराला दोष दिला आणि बॅग ठेवून एकटेच गेले.

वर्ष सरत आलं. पोरींनी खिडकीपर्यंत रास रचली. शेवटच्या आठवड्यात पुन्हा पाऊस लागला आणि रोजचं सरपण संपलं. फौजदार म्हणाली, "राशीतलं थोडं घेऊ या की. कोणाला कळणार आहे?"

"नको!" नकोबाई ठणकावून म्हणाली.

तो पूर्ण आठवडा आठही जणींनी गार पाण्याने आंघोळ केली. काय त्या किंकाळ्या! मी थंडगार उभा होतो, पण एवढा अभिमान मला पोटात जाळ असतानाही कधी वाटला नव्हता.

निघताना नकोबाईने माझी राख काढली, मला घासून पुसून लख्ख केलं आणि माझ्या गार पोटाला गाल लावला. "येते रे म्हाताऱ्या," म्हणाली. त्या दिवसापासून मला करमत नाही.

उद्या नव्या आठ जणी येतील. या, पोरींनो. रास खडखडीत वाळलेली आहे. तुम्हीही ती आठवडाभरात उडवाल आणि मग मला बोल लावाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. खुशाल लावा. फक्त पहिला गरम तांब्या अंगावर घ्याल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या, की त्यासाठी आठ जणी आठवडाभर कुडकुडल्या आहेत.