अर्धं जंगल, अर्धा समुद्र

उतार लागला तसा मॅडमनी उजवा पाय जीपच्या तळावर दाबून धरला. तिथं ब्रेक नव्हता. त्या मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि गाडी पांढऱ्या दाढीचा वाटाड्या चालवत होता. पण जन्मभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसलेला पाय कुणाचं ऐकत नाही.

“चालवतोय की नीट,” शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या.

“नीटच चालवतोय. मी काही बोलले का?” मॅडम म्हणाल्या, आणि पाय तसाच ठेवला.

खाली कोरड्या नदीचं पात्र होतं. पलीकडच्या काठावर तीन जिराफ बाभळीचे शेंडे सावकाश ओरबाडत उभे होते. जीपचा आवाज ऐकून त्यांनी माना वळवल्या, पाहुण्यांकडे जराशा नाराजीनं पाहिलं आणि पुन्हा खायला लागले.

“अगदी आमच्या हेडमास्तरांसारखा बघतोय तो मधला,” बाई पुटपुटल्या. मॅडम इतक्या मोठ्यानं हसल्या की वाटाड्यानं ओठांवर बोट ठेवलं.

दोघी एकमेकींच्या विहिणी. बाईंचा मुलगा, मॅडमची मुलगी. बाईंनी शाळेत भूगोल शिकवला होता, मॅडमचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांची हीच नावं बसली होती. एकमेकींना मात्र त्या ‘विहीणबाई’ म्हणत, त्यातल्या ‘बाई’वर जरा जास्तच जोर देऊन. लग्नाच्या फोटोत मधे कोण उभं राहणार यावरून जे झालं होतं ते दोघीही विसरल्या होत्या. म्हणजे कुणी विचारलं तर विसरलो असं सांगत. दोघींनी एकाच वर्षी साठी गाठली तेव्हा मुलांनी ही सहल भेट दिली. मॅडमना जनावरं बघायची होती, बाईंना समुद्र. म्हणून आधी जंगल, मग बेट. “भांडलात तर अर्ध्यावरून परत आणू,” असं सूनबाईनं हसत हसत बजावलं होतं.

भांडण्याचा प्रश्नच उरला नव्हता. विमानतळावर, मायलेकी ट्रॉली आणायला पुढं गेल्या असताना, मुलानं गाडीच्या डिकीतून बॅगा काढता काढता बाईंना सांगून टाकलं होतं.

“आई, आम्ही वेगळे होतोय. भांडण नाही, काही नाही. ठरलंय. तिनं तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही, तुम्ही परत आल्यावर सांगणारेय. तूही काही बोलू नकोस.”

“मग मला आत्ता का सांगितलंस?”

त्यानं शेवटची बॅग खाली ठेवली. “माहीत नाही. तू निघालीस म्हणून.”

तेव्हापासून बाई विहिणीशी नको इतक्या चांगल्या वागत होत्या. तंबूतली खिडकीजवळची खाट त्यांनी आपण होऊन सोडली. गरम पाण्याची पिशवी आधी मॅडमच्या अंथरुणात ठेवली. दुर्बीण दरवेळी त्यांच्याच हातात दिली. शेवटी मॅडमनी विचारलं, “तुम्हाला बरं वाटत नाहीये का?”

“मला काय धाड भरलीय?”

“नाही, सकाळपासून माझ्या एका वाक्याला विरोध केला नाहीत तुम्ही.”

बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लांब कुठंतरी पाहत राहिल्या. मॅडमचं बोलणं चालूच होतं. पुढच्या खेपेला मुलांनाही आणू. मुलीला लहानपणी हत्ती फार आवडायचे. जावयाला सांगून मोठी सुट्टी काढायला लावू, तुमचं ऐकतो तो. मॅडमचे यजमान मुलगी शाळेत असतानाच गेले होते. त्यानंतर मुलगी, गाडी आणि शिकाऊ लोक एवढंच त्यांचं जग होतं, आणि त्या जगात जावयाच्या निमित्तानं बाईंचं घर येऊन बसलं होतं. बाईंना एकेक शब्द टोचत होता. त्या नुसतं “हं” म्हणत होत्या.

पात्राच्या मधोमध जीप रुतली. वाटाड्यानं पुढं-मागं करून पाहिलं. चाकं जागच्या जागी फिरली आणि वाळू उडाली. तो खाली उतरला, मागून दोन फळ्या काढल्या, चाकांपुढची वाळू हातांनी उकरू लागला. वायरलेसवरून मदत मागवली तर दुसरी गाडी यायला बराच वेळ होता. आणि वरच्या वळणावरून हत्तींचा कळप पात्रात उतरत होता. घाई नव्हती त्यांना. पुढं एक थोराड हत्तीण, मागं पिलं, सोंडेनं वाळू चाचपत, ओल शोधत येत होती. वाटच त्यांची होती.

वाटाड्यानं सांगितलं, घाबरू नका, पण गाडी इथून हललेली बरी. त्याला फळ्या धरून ढकलायचं होतं. स्टिअरिंगला कुणीतरी हवं होतं.

तो वाक्य पुरं करायच्या आत मॅडम पुढच्या सीटवर होत्या. बाई, कुणी न सांगता, खाली उतरल्या आणि दुसऱ्या फळीशी गुडघ्यांवर बसल्या. वाळू तापलेली होती. हत्तीण थांबली. तिनं कान पसरले.

“विहीणबाई, हात काढून घ्या मी सांगितलं की,” मॅडमचा आवाज शिकाऊ माणसाशी बोलतानाचा, थंड. “हळू. अजून हळू. हं, काढा!”

जीप गुरगुरली, फळीवर चढली, डोलली आणि सुटली. मॅडमनी ती थेट काठावर नेऊनच थांबवली. मागून वाटाड्या आणि बाई वाळूतून पाय ओढत पोचले, तेव्हा कळप जिथं गाडी होती तिथंच येऊन उभा होता. हत्तिणीनं पुढच्या पायानं खड्डा उकरायला घेतला. पिलं तिच्या पोटाखाली शिरली. थोड्या वेळानं खड्ड्यात पाणी चमकलं.

मॅडमचे हात अजून स्टिअरिंगवर आवळलेले होते. बाईंनी पुढं होऊन ते एकेक करून सोडवले.

“मुलीला सांगू नका हं,” मॅडम म्हणाल्या. “उगाच काळजी करेल.”

  “नाही सांगत,” बाई म्हणाल्या.

बेटावर त्या छोट्या विमानानं उतरल्या. पांढरी वाळू, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोल्या, आणि खोल्यांसमोर तो समुद्र, ज्याची भरती-ओहोटी बाईंनी फळ्यावर खडूनं कितीदा तरी काढली होती. बाई आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. लहान गावातल्या तलावात पोहायला शिकलेल्या बाई सकाळ-संध्याकाळ पाण्यात उतरत. मॅडम काठावर खुर्ची टाकून बसत. त्यांना पोहता येत नव्हतं, आणि ज्याला ब्रेक नाही त्यात आपण बसत नाही, असं त्या म्हणत.

ओहोटीला पाणी लांबवर हटायचं आणि आत वाळूचा एक पट्टा उघडा पडायचा. तिथपर्यंत चालत जाता यायचं. एका सकाळी बाईंनी मॅडमना तिकडं नेलं. पाणी घोट्याइतकं, कोमट. पट्ट्यावर पोचल्यावर मॅडम गोल फिरल्या. चारी बाजूंनी नुसतं निळं.

“आता मात्र मुलांना आणायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “बघा ना, लग्नानंतर कुठं गेलीच नाहीत दोघं नीटशी. इथं आली असती तर...”

“विहीणबाई,” बाई म्हणाल्या. “ती वेगळी होतायत.”

मॅडमना आधी कळलंच नाही. बाईंनी पुन्हा सांगितलं, या खेपेला अख्खं. विमानतळ, डिकी, बॅगा.



“कुणाचं चुकलं?” मॅडमनी विचारलं.

“मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाजू घ्यावी लागली असती.”

“म्हणजे जंगलात तुम्हाला माहीत होतं. मी बडबडत होते आणि तुम्ही ‘हं’ म्हणत होता.”

“हो.”

“आणि ती मऊ मऊ वागणूक. दया करत होता माझी.”

“दया नव्हती हो ती.”

“मग काय होतं?”

 मॅडम वळल्या आणि किनाऱ्याकडे चालू लागल्या. भरती सुरू झाली होती. येताना घोट्याइतकं असलेलं पाणी आता पोटऱ्यांशी आलं होतं, आणि मधल्या भागात त्याचा रंग गडद दिसत होता. बाई थोड्या मागून, खोल बाजूला राहून चालत होत्या. हात पुढं करायची त्यांची हिंमत झाली नाही.

गडद पाण्यापाशी मॅडम थांबल्या. मागं न पाहता त्यांनी विचारलं, “किती आहे पुढं?”

“गुडघ्याच्या वर नाही.”

मॅडमनी पाऊल टाकलं.

त्या दिवशी त्या खोलीबाहेर आल्या नाहीत. जेवणाच्या वेळी वाढप्यानं सवयीनं दोघींची पानं मांडली. बाईंनी त्याला दुसरं उचलायला सांगितलं, आणि लगेच, राहू दे म्हणाल्या. मॅडमच्या दारावर त्यांनी एकदा टकटक केली. आतून “जेवले मी,” असा आवाज आला. ते खोटं होतं हे दाराच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. बाईंच्या मनात आलं, आपण मुलाचा शब्द मोडला, आणि मिळवलं काय, तर ज्या विहिणीला वाऱ्यावर सोडायचं नव्हतं तिला समुद्रात मधोमध नेऊन सोडलं. आता ती लेकीला फोन करेल, जाब विचारेल, लेक नवऱ्याला, मुलगा आपल्याला. करायलाच हवा तिनं फोन. आपणही केला असता.

सकाळी बाई व्हरांड्यात बसल्या असताना त्यांचाच मोबाइल वाजला. पडद्यावर मुलगा आणि सून, दोघं शेजारी शेजारी, नेहमीसारखीच हसरी.

“काय आई, काय म्हणतोय तुझा समुद्र?” मुलगा म्हणाला. “आणि आमच्या सासूबाई कुठंयत?”

बाई काही बोलणार एवढ्यात शेजारची वेताची खुर्ची करकरली. मॅडम येऊन बसल्या होत्या. डोळे सुजलेले होते, पण केस ओले, नीट विंचरलेले. कडेनं तोंड घालून त्या पडद्यात शिरल्या.

“सासूबाई इथंच आहेत. काल जरा डोकं धरलं होतं, उन्हानं. आता मस्त आहे.”

“टोपी घालत जा म्हटलं होतं ना आई,” सून म्हणाली. “फोन लागत नव्हता तुझा.”

“बंद ठेवला होता. सुट्टीवर आहे ना मी.” मॅडम लेकीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होत्या. “तू बरी आहेस ना?”

“मी? हो. मला काय झालंय?”

“जेवतेस ना वेळेवर?”

“आई, मी काय शाळेत आहे का?”

“बरं.” मॅडम जरा थांबल्या. “आणि अजून काही?”

पडद्यावर क्षणभर दोघांपैकी कुणीच हललं नाही. बाईंना वाटलं, मोबाइलच अडकला.

“अजून काही नाही गं,” सून म्हणाली. “तुम्ही या मजा करून. आल्यावर बोलू निवांत.”

“आल्यावर बोलू,” मॅडम म्हणाल्या. “घाई नाही काही. घरीच येणार आहे मी.”

मुलानं आईकडे पाहिलं, काही ओळखू येतंय का म्हणून. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नव्हती, कारण त्या पडद्याकडे पाहतच नव्हत्या. त्या मॅडमच्या पडद्याबाहेरच्या हाताकडे पाहत होत्या. त्या हातानं खुर्चीचा वेत गच्च धरला होता आणि आवाज मात्र कुठंही हलत नव्हता.

“अगं, इकडं धर तो मोबाइल,” मॅडम म्हणाल्या. “त्यांना समुद्र तरी दाखव.”

बाई तशाच बसून राहिल्या. ‘अगं’ म्हणजे मॅडम लेकीशीच बोलतायत असं त्यांना वाटलं.

मॅडमनी कोपरानं ढोसलं. “अगं, तुलाच म्हणतेय.”

बाईंनी मोबाइल वळवला. पाणी पुरतं भरून आलं होतं.