दातओठ खाऊन

काटा अठ्ठावीस किलोवर थांबला. पकड मोजण्याचे यंत्र फिटरच्या उजव्या मुठीत अजून तसेच होते. मनगट मोडून जुळल्याला चार महिने झाले होते. कारखान्याला तीस हवे होते. त्याखाली पाना पुन्हा हाती येणार नव्हता. वाट्याला येणार होती घरातली खुर्ची, आणि बायको गेल्यापासून त्या घरात हाकेला ओ देणारे कोणीच उरले नव्हते.

"शेवटची खेप, काका," फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या. "जरा दातओठ खाऊन दाबा की!"

"ओठ खातो, ताई. दात खिशात आहेत."

त्या हसल्या. मग त्याच्या आत गेलेल्या गालांकडे त्यांचे लक्ष गेले. "चेष्टा करताय?"

त्याने रुमालात गुंडाळलेली डबी काढली. वरची आणि खालची कवळी तिच्यात एकमेकींवर निमूट मिटून पडल्या होत्या.

"अहो, मग लावा ना! जबडा आवळला की मुठीलाही थोडा जोर चढतो. जन्मभर बोल्ट आवळलेत तुम्ही, तुम्हाला मी सांगायचं?"

खरेच होते. हट्टी नट सोडवताना आधी दाढा एकमेकींवर बसत, मग हात वळे. स्वतःचे दात होते तेव्हा ते झोपेतही करकरत, बायको म्हणे, "स्वप्नातसुद्धा तुमची पाळी सुटत नाही का हो?"

भिंतीकडे तोंड करून त्याने कवळ्या बसवल्या. गाल भरले, चेहऱ्यात जुना भाडेकरू परत राहायला आल्यासारखे. त्याने जबडा मिटला, कानशिलाची शीर ताठ झाली, मूठ आवळली गेली. काटा थरथरत एकतिसावर गेला.

"झालं की!" ताईंनी कागदावर आकडा लिहून सही केली. "बसतायत तर छान. टोचतात का?"

"छे."

"मग काढून का ठेवता? जेवताना तरी लावत जा."

"दुधात बुडवलेल्या पावाला दात लागत नाहीत, ताई."

"आणि बोलायला?"

त्याने कागदाची नीट चौपदरी घडी घातली. यंत्र केव्हाच खाली ठेवले होते. जबडा मात्र अजून आवळलेलाच होता. रिकामी डबी खिशात टाकून तो दाराबाहेर पडला.