उमरडोहचा तिरपा देव

उमरडोहच्या बोडीखाली, म्हणजे गावतळ्याच्या बांधाखाली, त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पोंभुर्ण्याकडून बैलबंड्या आल्या होत्या, मूल गावाकडून सायकली, आणि एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तर अख्खं वऱ्हाड नवरा-नवरीसकट वाट वाकडी करून आलं होतं. सगळ्यांच्या हातात पाण्याचे तांबे आणि सगळ्यांच्या नजरा जमिनीतून वर आलेल्या एका शेंदरी टाळूवर. देव उगवत होता. आधी बोराएवढा दिसला, मग लिंबाएवढा, आता नारळाएवढा झाला होता.

"कालच्यापेक्षा दोन बोटं वर हाये," गिरजा म्हणाली.

"दोन नाई, तीन," कुंता म्हणाली.

"तुही बोटं बारीक हायेत, म्हून तुले तीन दिसतात."

देवाशेजारी वाघाच्या पट्ट्यांचं छापील ब्लँकेट अंथरून पाताळबाबा बसले होते. "बच्चालोग, देव सात पाताळांचे सात दरवाजे तोडून येऊन राह्यला. लय तहानला हाये. ओंजळभर पाणी टाका. ज्याचं मन साफ, त्याच्या पाण्यानं देव वर सरकते. ज्याच्या मनात मळ, त्याचं पाणी फुकट."

हा सौदा पक्का होता. आपलं पाणी फुकट गेलं असं कोण कबूल करणार? ओंजळ टाकून परतणारा प्रत्येक जण देव हलल्याचं सांगत होता.

बायनाबाई सगळ्यात पुढे बसली होती, कारण देव तिच्या वाडीच्या कुंपणाला लागून उगवला होता. नवरा गेल्यापासून त्या वाडीतली वांगी, मिरच्या आणि वालाच्या शेंगा यांच्यावरच तिची चूल पेटे. पहिले काही दिवस ती हुरळून गेली. परगावच्या बायका तिच्या पाया पडत. पण बायनाबाईला मनातल्या मनात जमाखर्च मांडायची सवय होती. जमेच्या बाजूला मान होता. खर्चाच्या बाजूला गर्दीनं तुडवलेली कोथिंबीर, मोडलेलं कुंपण आणि प्रसादाच्या नावाखाली पळवलेली वांगी.

मग देव तिरपा झाला.

एका सकाळी लोकांनी पाहिलं, तर शेंदरी टाळू वाडीकडे कललेली. दुसऱ्या दिवशी आणखी कलली. बाबांनी डोळे मिटले, अंगाला झटके दिले आणि एका डोळ्यानं गुणवंतरावांकडे बघून घेतलं.

"देव बोट दाखवून राह्यला," बाबा म्हणाले. "त्याले तेथी बसाचं हाये. ज्या दिशेले देव झुकला, ते जमीन देवाची."

गुणवंतराव म्हणजे सरपंच. देवाच्या दुसऱ्या अंगाला त्यांची नवी भातगिरणी उभी राहत होती, आणि गिरणीला वाडीची जागा हवी म्हणून ते दोनदा बायनाबाईकडे येऊन गेले होते. बाबांना गावात आणून जेवू घालणारेही तेच. "बायनाबाई," ते हात जोडून म्हणाले, "देवच मागते तं आपण कोण? अमावस्येले पोंभुर्ण्याले जाऊन कागद करून टाकू. देवस्थानाचा कारभार मी पाहीन."

"आन मी काय पाहू, भाऊ?"

"तू देव पाहाजो."

त्या दुपारी बायनाबाई घरी आली ती तोंड पाडूनच. ओसरीवर इंगळेबाई दात घासायच्या ब्रशनं फुटकं खापर धूत बसली होती.

या इंगळेबाईचं खरं नाव इंग्रिड. डेन्मार्कहून मानववंशशास्त्र शिकायला निघालेली ही पोरगी परदेशात उत्खननाचा अनुभव घ्यायचा म्हणून नागपूरच्या एका पथकाबरोबर आली होती. गावाबाहेर मोठ्या दगडांची जुनी वर्तुळं होती, ती हे पथक खणत होतं. तंबूत सगळे पुरुष, म्हणून ती बायनाबाईकडे राहायची. नावाचं इंगळे गावानंच करून टाकलं. एवढ्या लांबून येऊन कुणी खापरं धुतं, सुकवतं, वर आकडे घालून कापसात ठेवतं, तर जमिनीत सोनं असणारच, असा गावाचा हिशोब होता. दोघा-तिघांनी आपल्या घरची फुटकी मडकी धुऊन तिला आणूनही दिली होती. या सोन्याच्या वासावरच बाबा उमरडोहला पोचले होते. देव धनाची राखण करायला वर येतोय, असं त्यांचं म्हणणं.

"बायनाबाई, आपण दुःखी आहात काय?" इंग्रिडनं विचारलं. मराठी ती पुण्यात पुस्तकातून शिकली होती.

बायनाबाईनं सगळं सांगितलं. इंग्रिडनं ब्रश खाली ठेवला.

"मी तो देव लांबून पाहिला. देवाभोवतीची माती वेगळी आहे. चहूकडे पिवळा, घट्ट मुरूम, आणि देवाभोवती गोल काळी, भुसभुशीत माती. आमच्या कामात हे प्रथम शिकवतात. अशी माती दिसली, म्हणजे तेथे कोणीतरी खड्डा खणून पुन्हा भरला आहे."

"म्हंजे देव पाताळातून नाई आला?"

"वरून खाली गेला आहे. पुन्हा वर का येतो, ते मला समजत नाही. आणि तिरपा का, तेही नाही."

बायनाबाईला एकदम बाबांचं जेवण आठवलं. लाखोरी या कडधान्याशिवाय दुसरं काही शिवायचं नाही, असं त्यांचं व्रत होतं. आल्या आल्या त्यांनी घरोघरून टोपलंभर लाखोरी मागून नेली. एवढासा काडीसारखा माणूस एवढी लाखोरी कुठी घालते, असं तेव्हाही तिच्या मनात आलं होतं.

"मागच्या पावसात माह्या गाडग्यात पाणी शिरलं होतं," ती सावकाश म्हणाली. "आतली लाखोरी भिजून फुगली, तं वर ठेवलेला पाटा उचलला गेला. मले वाटलं भूत शिरलं."

इंग्रिडनं बोटानं जमिनीवर खड्डा काढला आणि देवाखाली लाखोरीचे ठिपके दिले.

"आणि पाण्याची रांग नेहमी गिरणीकडून येते," इंग्रिड म्हणाली. "म्हणजे ती बाजू भिजते, ती फुगते..."

"आन देव कोरड्या बाजूले कलते. माह्या वाडीकडं."

इंग्रिड उठलीच. "मी आता जाऊन सर्वांना सांगते."

"बस खाली. तू सांगशील तं म्हणतील गोरीले सोनं पायजे. मी सांगीन तं म्हणतील वाडी चालली म्हून बोंबलते. कोणी आयकाचं नाई." बायनाबाईनं पदर खोचला. "देवालेच बोलू देऊ."

दुसऱ्या सकाळी तिनं सगळ्यांदेखत बाबांपुढे डोकं टेकवलं. "बाबा, वाडी देवाचीच होणार. मंग लोकाईनं गिरणीच्या चिखलातून काऊन याचं? माह्या वाडीतून येऊ द्या. वाडी पवित्र होईल."

बाबा गहिवरले. गुणवंतरावांनी स्वतः उरलंसुरलं कुंपण काढलं. मग सगळ्या गावानं वाडीच्या बाजूनं पाणी घालायला सुरुवात केली, आणि बायनाबाई उभी राहून म्हणत होती, "ओंजळीनं काय होते वो, तांब्या टाका. देव तहानला हाये."

आधी देव सरळ झाला. बाबा म्हणाले, प्रसन्न झाला. त्याच्या पुढच्या सकाळी देव भातगिरणीकडे झुकला. आणि अमावस्येच्या आदल्या दिवशी तर इतका झुकला, की गिरणीच्या दाराला नमस्कार घालतोय असं वाटावं.

पाण्याचे तांबे खाली ठेवून लोक गिरणीकडे बघू लागले.

बायनाबाईनं हात जोडले. "अगा माह्या देवा. मन बदललं तुहं. गुणवंतभाऊ, नशीबवान तुमी. देवानं गिरणी मागितली."

"हावो," कुंता म्हणाली. "ज्या दिशेले झुकला, ते जमीन देवाची. बाबाच बोलले."

"उद्या पोंभुर्ण्याले जाणंच हाये तुमचं," गिरजा म्हणाली. "गिरणीचाच कागद करून या."

गुणवंतरावांचा चेहरा मळणी झालेल्या भाताच्या तणसासारखा पिवळा पडला. "ओ बाबा," ते दबक्या आवाजात म्हणाले, "हे काय करून राह्यला तुमचा देव?"

"देवाची... देवाची लीला, बच्चा."

"बच्चा गेला उडत. इंजिन आणलं मी त्या गिरणीत." मग त्यांनी आवाज चढवला. "देव असा रोज मन बदलते काय? काहीतरी गडबड हाये. खणून पाहा रे."

"हात लावेल तो आंधळा होईल," बाबा ओरडले.

"मी देवाला हात लावणार नाही," इंग्रिड पुढे आली. "मी शेजारी खणते. आमची तीच पद्धत आहे."

तिनं देवापासून हातभर अंतरावर सरळ चर घेतला, आणि कलथ्यानं धिरडं सोडवावं तशी माती पदर-पदरानं काढत देवाकडे सरकली. लोक एकमेकांच्या खांद्यावरून वाकले. चराच्या भिंतीत आधी पिवळा मुरूम दिसला. मग एक सरळ, उभी रेघ, आणि रेघेपलीकडे काळी माती. खड्ड्याची कड आरशासारखी स्पष्ट होती. इंग्रिडनं बोटानं ती वरपासून खालपर्यंत दाखवली. आणखी एक पदर निघाला, तशी देवाच्या बुडाखालून फुगलेली, मोड आलेली लाखोरी भसाभसा बाहेर ओघळली. वाडीच्या बाजूला तिचा थर जाड होता. घाईत तिकडे टोपलं जास्त रितं झालं असणार, म्हणूनच देव गिरणीकडे एवढा कलला.

"माही लाखोरी," गर्दीतली गुणाबाई म्हणाली. सगळ्या गावाला आपापली लाखोरी ओळखू येऊ लागली.

आधार गेला तसा देव आडवा पडला. शेंदराखालच्या पोटावर कोरलेली अक्षरं दिसली. इंग्रिडनं ब्रशनं ती साफ केली आणि मोठ्यानं वाचली, "चांदा. चौतीस मैल."

तो सडकेवरच्या जुन्या मैलाच्या दगडाचा फुटका माथा होता.

"चांद्याचं चंद्रपूर होण्यापूर्वीचा दिसतो," इंग्रिड अगदी गंभीरपणे म्हणाली. "आणि मैल आहेत, किलोमीटर नाहीत. काळ ठरवायला सोपा आहे."

हसण्याचा असा लोंढा उठला, की बोडीतले बगळे उडाले. नवरा-नवरीचं वऱ्हाड परत पाया पडायला आलं होतं, तेही हसलं. बाबा ब्लँकेट गुंडाळून निघालेच होते, पण बायकांनी त्यांना आधी वाडीचं कुंपण बांधायला लावलं. गुणवंतरावांनी काटे आणून दिले. वाडीच्या कागदाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. काढायची सोयच उरली नव्हती. कुणी विषय काढला की पोरंसुद्धा गिरणीकडे झुकून दाखवत.

तरी कुंताला चुटपुट लागली होती. "पण बाई, देव वर येत तं होता. मी डोयानं पाह्यलं."

"येत होता ना," बायनाबाई म्हणाली. "पाणी कोण टाकत होतं? तू आन मी. बाबानं नुसती लाखोरी पेरली, तेही आपलीच. त्याले वर चढवला आपण."

उमरडोहची गोष्ट एवढीच. तुमच्याही गावात उद्या एखादा देव जमिनीतून वर येऊ लागेल. हात जोडायचे तर जोडा, कुणी अडवत नाही. फक्त आठ दिवस पाणी घालू नका, आणि भोवतीच्या मातीचा रंग बघून ठेवा. देव असेल, तर तो तहानलेलाही वर येईल.