दिवाणातली अंथरुणं

त्या वर्षी मी इतकं पाणी उकळलं, की तेवढ्यात एका लग्नाचं वऱ्हाड न्हालं असतं. शेजारच्या तारामतीबाईंकडे रंगीत टीव्ही आला, केबल आली, कपडे धुवायचं मशीन आलं. सगळा देश म्हणे खुला झाला होता. मी मात्र न्हाणीघरात चादरींवर उकळतं पाणी ओतत बसलेली.

माझ्या सहा वर्षांच्या लेकीला, तेजश्रीला, इसब झाला होता. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचा रक्त येईपर्यंत खाजवायची. हातांना मोजे बांधले, तर दातांनी ओढून काढायची. सिकंदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंथरुणात धुळीचे किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्यामुळे खाज वाढते. चादरी-अभ्रे दर आठवड्याला उकळत्या पाण्यात धुवा, गादीला घट्ट विणीची खोळ घाला, कापसाची खेळणी बंद करा. मी सगळं केलं. पोरगी खाजवतच होती, आणि मी बसल्या जागी पेंगायला लागले होते.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बच्ची सोती किसपे है?"

"दिवान पे."

"और दिवान के अंदर?"

दिवाणाच्या पोटात पाहुण्यांची अंथरुणं होती. गाद्या, रजया, वाकळा, सगळं कोंबून भरलेलं, वर्षानुवर्षं न धुतलेलं. आमचं घर काचीगुडा स्टेशनला लागून. आमच्या गावचं, वसमतकडचं कुणी दवाखान्याला आलं, लग्नाच्या खरेदीला बेगम बाजारात आलं, की मुक्काम आमच्याकडेच. माझ्या यजमानांना, प्रशांतना, याचा कोण अभिमान! म्हणजे इतके दिवस मी अख्ख्या गावाच्या घामावर लेकीला झोपवत होते आणि वरची चादर तेवढी उकळत होते. डोकंच फिरलं माझं.

त्याच आठवड्यात मी दिवाण रिकामा केला. एक वाकळसुद्धा ठेवली नाही. प्रशांत चिडले.

"आपले लोक काय लॉजमध्ये उतरतील? दादाला काय सांगू मी? इज्जत काय राहते मग?"

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, एकनाथराव. वडिलांच्या मागे शेती सांभाळून त्यांनीच प्रशांतना शिकवलं. तेजश्रीवर तर त्यांचा भारी जीव. ते आले की ती दुपारभर त्यांच्या मांडीवरून उतरायची नाही.

"काय सांगायचं ते तुम्हीच सांगा," मी म्हटलं. "माझ्यात आता कुणाशी बोलायचा जोर नाही."

शेवटी त्यांनी एसटीडी बूथवरून गावाकडे फोन केला. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

हळूहळू तेजश्रीच्या खाचा सुकल्या. ती झोपायला लागली, म्हणून मीही.

दिवाळीनंतर एका सकाळी एकनाथराव आले. खांद्यावर सुतळीने बांधलेली वळकटी. ती त्यांनी घरात आणली नाही, बाहेर व्हरांड्यात चपलांशेजारी ठेवली.

"आत आणा ना, दादा," मी पदर सावरत म्हटलं.

"नको. असू द्या तिथंच. मी बी तिथंच पडतो, हवा चांगली हाय."

बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

आवाज ऐकून तेजश्री धावत आली आणि हात पसरून त्यांच्याकडे झेपावली. एकनाथराव झटकन मागे सरले.

"लांब राहा, माय. काकाच्या अंगाला किडे असतेत."

प्रशांत मान खाली घालून उभे होते. फोनवर त्यांनी काय सांगितलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

"तसं नाही हो दादा," मी म्हटलं. "ते अंथरुणाचं होतं. माणसांचं नाही."

"समजलं की. पोरगी निजते का आता?"

"निजते."

"मग झालं." आणि ते वळकटीची गाठ सोडायला वाकले.

तेजश्री तिथंच उभी राहिली, हात तसेच पसरलेले. कोपरांच्या खाचा स्वच्छ होत्या, एक ओरखडा नव्हता.